वाऱ्याचा आडोसा

सायकलने शाळेत येणाऱ्या मुलांना विचारा, सायकल चालवताना सर्वांत जास्त दम कशाने लागतो? बहुतेक जण ‘चढाने’ म्हणतील. पण चढ कधीतरी संपतो, आणि पलीकडे उतार मिळतो. समोरचा वारा अशी परतफेड करत नाही. एक साधे गणित पाहू. एरवी ताशी ३० किमी वेगाने जाणाऱ्या मुलाचा वेग वाऱ्याविरुद्ध २० झाला आणि परत येताना ४० झाला, असे समजा. अंतर दोन्हीकडे ३० किमी. वारा नसता तर २ तास लागले असते, आता सव्वादोन लागतात! कारण मंद वेगाचा प्रवास जास्त वेळ चालतो.

हवा सायकलस्वाराला किती अडवते, हे अमेरिकेतल्या चार्ल्स मर्फीने ३० जून १८९९ रोजी जगाला दाखवले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रुळांच्या मध्ये फळ्या टाकून वाट केली होती. मर्फीने धावत्या आगगाडीच्या मागे, तिच्या आडोशाने सायकल चालवली आणि एक मैल ५७.८ सेकंदांत पार केला. म्हणजे ताशी सुमारे १०० किमी! पाय माणसाचेच होते, फक्त समोरची हवा गाडीने बाजूला सारली होती.

यामागचे विज्ञान सोपे आहे. हवेचा रोध अंगावर येणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपण ताशी ३० किमी वेगाने जात आहोत आणि समोरून ताशी २० किमीचा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ५० ची. ५० भागिले ३०, त्याचा वर्ग, म्हणजे रोध जवळजवळ पावणेतीनपट. तोच वेग टिकवायचा तर हवेशी झगडायला शक्तीही तेवढ्याच पट हवी. कोणाही माणसाला हे फार वेळ झेपत नाही.

मग शर्यतीत काय करत? १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत यायची सुमारे १२०० किमीची शर्यत झाली. ती शार्ल तेराँने सुमारे ७१ तासांत जिंकली. त्या काळी स्पर्धकापुढे सायकल चालवून वारा अडवणारे मदतनीस ठेवायची मुभा होती. अर्थात ज्याचे मदतनीस चांगले, त्याचे पारडे जड.

१९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला हे पसंत नव्हते. शर्यत म्हणजे एकट्या माणसाच्या जिद्दीची कसोटी, असे त्याचे मत. अशा मदतनिसांना त्याने फाटा दिला. पण स्पर्धकच एकमेकांच्या मागे राहू लागले, त्याला कोण काय करणार? सपाट रस्त्यावर सगळा जथा एकत्र चालतो आणि शेवटी फक्त धावाधाव होते, ही त्याची तक्रार. म्हणून १९२७ साली २४ पैकी १६ टप्प्यांत त्याने प्रत्येक संघाला वेगवेगळ्या वेळी सोडले. परिणाम उलटाच झाला. आता आडोसा फक्त आपल्याच संघाचा मिळे, त्यामुळे बलवान संघ आणखी बलवान ठरले. १९२८ साली पहिले तिघेही एकाच संघाचे होते. १९३० साली ही पद्धत बंद झाली. नियम बदलता येतात, हवेचा रोध बदलत नाही.

वारा तिरका असेल तर गोष्ट आणखी रंजक होते. आडोसा आता पुढच्याच्या मागे नसून तिरका, एका बाजूला असतो. त्यामुळे सायकलस्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग करतात. फ्रेंच आणि डच, दोन्ही भाषांत तिला ‘पंखा’ असेच नाव आहे. पुढचा थकला की मागे सरतो, दुसरा पुढे येतो. प्रतिस्पर्धीसुद्धा पाळीपाळीने वारा झेलतात. मात्र रस्ता मावेल तेवढ्यांनाच जागा मिळते, उरलेले कडेला उघड्यावर पडतात आणि जथा तुटतो.

१२ जुलै २०१३ रोजी तूरच्या तेराव्या टप्प्यात हेच घडले. एकूण क्रमवारीत दुसरा असलेल्या आलेहांद्रो व्हाल्व्हेर्देच्या सायकलचे चाक बिघडले. सोबती मदतीला थांबले, पण पुढचा जथा वाऱ्यात वेगाने निघून गेला. सपाट रस्त्यावर त्याने जवळजवळ दहा मिनिटे गमावली. पुढे आणखी एकदा जथा तुटला, तेव्हा आघाडीवरचा ख्रिस फ्रूमही मागच्या तुकडीत अडकला आणि त्याचे ६९ सेकंद गेले. डोंगर एकही नव्हता!

स्वारांना अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट मोजली गेली ती उशिरा. अमेरिकेतल्या चेस्टर काइल यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, ताशी ४० किमी वेगाने दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याची सुमारे एक तृतीयांश शक्ती वाचते. २०१८ साली बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. त्यात जथ्याच्या आतल्या स्वारावरचा रोध एकट्या स्वाराच्या ५ ते १० टक्के इतका कमी आढळला.

वर्गात हे दाखवायला टेबलफॅन पुरे. दोन कागदी पेले दोऱ्याने टांगा, आधी शेजारी शेजारी, मग एकामागे एक. मागचा पेला किती कमी कलतो ते मुलांना मोजू द्या. नंतर विचारा: पुढचा पेला कायम पुढेच राहिला तर ते न्याय्य होईल का? देग्रांजला न सुटलेला हा प्रश्न मुले कशी सोडवतात, ते ऐकायला आम्हाला आवडेल.