मांडवीची वखार आणि शके १८१८ चा ग्रंथिक सन्निपात

‘मांडवी’ या शब्दाची व्युत्पत्ति शोधूं गेल्यास ती संस्कृत ‘मण्डपिका’ या शब्दापाशीं येऊन थांबते. मध्ययुगीन शिलालेखांत व ताम्रपटांत मण्डपिका म्हणजे बाजारांतील जकातीची चौकी. आलेल्या मालावर तेथें कर बसे, आणि त्या उत्पन्नांतून देवालयांस नेमणुका करून दिल्याचे उल्लेख आढळतात. कच्छांतील मांडवी बंदर आणि मुंबईच्या गोदीलगतचा मांडवी भाग हीं दोन्ही नांवें याच कुळांतलीं होत. माल जेथें उतरतो, मोजला जातो व पुढें जातो ती मांडवी. इ. स. १८९६ मध्यें मुंबईस ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, प्रथम ओळखला गेला तो या मांडवींतच. हा निव्वळ योगायोग नव्हे, असें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या साथीचा जो इतिहास आपल्याकडे लिहिला गेला, तो मुख्यतः पुण्याचा आहे. रँडसाहेबांचा अंमल, घरझडत्या, २२ जून १८९७ ची रात्र, चाफेकर बंधूंस झालेली फांशीची शिक्षा, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला, या गोष्टी सर्वांस अवगत आहेत, व त्या लिहिल्या गेल्या हें योग्यच झालें. परंतु त्यांच्या झगमगाटांत साथीचें दुसरें अंग झांकून गेलें. प्लेग ही जशी राज्यकारभाराची कथा आहे तशीच ती धान्यव्यापाराची कथा आहे. आणि कालक्रमानें पाहतां आधीं धान्याची व मग कारभाराची.

त्या काळच्या मांडवीची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. अरुंद गल्ल्या, तळमजल्यावर वखारी आणि त्यांच्या वर माणसांचीं बिऱ्हाडें. खालीं गहूं, तांदूळ, डाळी, साखर व खजूर यांच्या थप्प्या. वर भाटिये, लोहाणे, जैन इत्यादि कच्छी-गुजराथी व्यापाऱ्यांचीं कुटुंबें, मुनीम व नोकर. पूर्वेस गोदी आणि शेजारींच मशीद बंदराचें स्थानक. आगगाडीनें देशावरून आलेलें धान्य आणि जहाजांनीं समुद्रावरून आलेलें धान्य येथें एकत्र होई. हाँगकाँग येथें १८९४ मध्यें प्लेगनें थैमान मांडलें होतें, व तेथूनच जलमार्गानें तो मुंबईस आला असावा, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. जहाजावरून उतरलेल्या उंदरास मांडवीहून अधिक सोयीचें स्थान दुसरें कोणतें मिळणार?

सप्टेंबर १८९६ मध्यें, म्हणजे शके १८१८ च्या भाद्रपदांत, मूळचे गोमंतकांतील डॉ. व्हिएगस यांनीं मांडवींतील रोग्यांच्या लक्षणांवरून हा प्लेगच होय असें निदान केलें. वखारींत उंदीर मरून पडूं लागल्याचे उल्लेख समकालीन वृत्तांतांत आहेत. उंदीर व मरी यांच्या साहचर्याची नोंद आपल्याकडे त्याही पूर्वीं झालेली आहे. जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तांत आग्र्याकडील साथीच्या प्रसंगीं मरणोन्मुख उंदराची हकीकत आली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचें विवेचन करतांना वायु, उदक, देश व काल हे चार भाव दूषित झाल्यानें जनपदें उद्ध्वस्त होतात असें सांगून, दूषित देशाच्या लक्षणांत मूषकांचाही निर्देश केला आहे. एवढ्यावरून चरकास प्लेग ठाऊक होता असें म्हणणें साहसाचें होईल. मात्र रोगाचा विचार करतांना केवळ मनुष्याकडे न पाहतां ‘देशा’कडे पाहावें ही दृष्टि त्यांत निश्चित आहे, आणि १८९६ मध्यें नेमकी तीच हरवली होती.

याच वर्षीं पाऊस लवकर सरला. दख्खन, मध्यप्रांत, वायव्य प्रांत अशा विस्तीर्ण मुलुखांत दुष्काळ पडला. म्हणजे देशास धान्याच्या हालचालीची जेव्हां अत्यंत गरज, तेव्हांच त्या हालचालीच्या नाक्यावर मरी येऊन बसली.

तिचा पहिला आघात पिकावर झाला नाहीं, माणसांवर झाला. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. ते बहुतांशीं परतले. तरीही १९०१ च्या खानेसुमारींत आंकडा ७,७६,००६ इतकाच भरला. आतां शेतापासून गोदीपर्यंत मालाचा प्रवास कसा होतो तें पाहावें. शेतकरी, गांवचा वाणी, पेठेचा अडत्या, मुंबईचा वखारवाला, तोलार, हमाल, खलाशी अशी ही साखळी असून तिची प्रत्येक कडी म्हणजे एकेक मनुष्य आहे. हमाल गांवीं गेला कीं गोणी जागची हालत नाहीं. हुंडीची पत ती सकारणाऱ्याच्या हजेरीवर अवलंबून असते. पेढीचा मालक कच्छ-काठेवाडास निघून गेला म्हणजे वऱ्हाडांतल्या अडत्याचा हात आंखडतो, आणि त्याचा हात आंखडला म्हणजे शेतकऱ्याची उचल थांबते. कापसाचा हंगाम ऐन भरांत येण्याच्या वेळीं हें घडलें. गिरण्यांतील कामकरी इतके दुर्मिळ झाले कीं, महिन्याच्या पगाराची रूढ पद्धति मोडून रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली, आणि नाक्यानाक्यावर मजुरांसाठीं चढाओढीनें बोली होऊं लागली. कोंकणाची स्थिति याच्या उलट. रत्नागिरीकडील कितीएक घरांचा संसार मुंबईच्या मजुरीवर चाले. भातलावणीच्या वेळीं येणारा चाकरमानी आतां अवेळीं, रिकाम्या हातानें व कित्येकदां रोग बरोबर घेऊन घरीं आला. खाणारीं तोंडें वाढलीं आणि मनिऑर्डर बंद पडली.

दुसरा आघात परदेशच्या बंदरांतून आला. युरोपांतील राष्ट्रांनीं हिंदुस्थानच्या जहाजांस अटकाव सुरू केला, व १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें व्हेनिस येथें आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषद भरून प्लेगविषयींचा करार झाला. त्याच वर्षीं हाजच्या यात्रेसही बंदी झाली. करारांत कोणता माल धोक्याचा मानावा याचाही विचार होता. त्याचा रोख वापरलेलीं वस्त्रें, अंथरुणें, चिंध्या, जुनीं पोतीं, कच्चीं कातडीं व केस यांवर होता. दुष्काळांत जनावरें मरत असतां शेतकऱ्याच्या हातीं विकण्याजोगें जें थोडेंसें उरतें, त्यांत कातडें प्रमुख. नेमकें तेंच संशयित ठरलें. मनुष्याच्या अंगास लागलेली वस्तु दूषित, ही जुनी समजूत त्या यादीच्या मुळाशीं दिसते.

आतां लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा, त्या सालचा तिसरा, मंजूर झाला. हा कायदा अगदीं आंखूड आहे. त्यानें सरकारास सर्वसाधारण अधिकार फार व्यापक दिले. परंतु नांवानिशीं सांगितलें आहे तें आगगाडीच्या व इतर प्रवाशांची तपासणी, संशयितांस वेगळें ठेवणें आणि जहाजांस व त्यांवरील माणसांस अडविणें एवढेंच. धान्याच्या वखारीचें नांव त्यांत नाहीं. प्रत्यक्ष अंमलही तसाच झाला. स्थानकास्थानकांवर स्त्रीपुरुषांच्या काखा व जांघा तपासल्या गेल्या, आणि त्याच गाडीच्या मागील वाघिणींतून गोणी निर्वेधपणें पुढें गेल्या. यास कारणही होतें. १८८० च्या दुष्काळ आयोगापासून सरकारचें ठाम धोरण असें कीं, धान्याच्या खाजगी व्यापारांत हात घालूं नये. भाव चढला कीं माल आपोआप दुष्काळी मुलुखांत जातो. ब्रह्मदेशाचा तांदूळ याच मार्गानें आला, व त्यानें पुष्कळांचे प्राण वांचले हेंही खरें. धान्य थांबवावें तर दुष्काळ, चालूं द्यावें तर प्लेग, असा हा पेंच होता.

येथें पूर्वपक्ष असा येईल कीं, रोग माणसांनींच पसरविला, धान्यानें नव्हे. १८९८ मध्यें नेमलेल्या, डॉ. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाचा कल याच मताकडे होता. फ्रेंच वैद्य सिमाँ यांनीं जून १८९८ मध्यें कराचीस प्रयोग करून उंदरांवरील पिसवा हा रोग वाहतात असें मांडलें, तें आयोगास पटलें नाहीं. पुढें १९०५ मध्यें दुसरी संशोधनसमिति बसली. तिनें मुंबईच्या शीव, वडाळा, परळ, वरळी या वस्त्यांत व पंजाबांतील धंड आणि कसेल या गांवीं बारकाईनें निरीक्षण करून सिमाँचा सिद्धांत खरा ठरविला. परंतु रोग एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो तो बहुधा प्रवाशांच्या अंगावरील व सामानांतील पिसवांनीं, असेंच तिनेंही म्हटलें. हें मत प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे; तें वगळून केलेला युक्तिवाद टिकणार नाहीं.

तरीही उत्तरपक्षास जागा राहते. पिसू माणसाबरोबर आली तरी तिला पोसण्यास उंदीर लागतो, व उंदरास पोसण्यास धान्य लागतें. माणसानें रोग आणला असें मानलें, तरी तो टिकला व दरसाल उलटून आला तो धान्याच्या कोठारांच्या आधारानें. कोलंबो येथें काम केलेले हर्स्ट यांनीं पुढें पिसवांच्या जातींचा विचार करून, जी पिसू प्लेग अधिक पसरविते ती धान्य व कापूस यांच्या व्यापाराबरोबर प्रवास करते, असें प्रतिपादन केलें. दोन्ही मतांचा मेळ घातल्यास निर्णय असा निघतो: लांबची उडी बहुधा प्रवाशाच्या बोचक्यांतून, मुक्काम मात्र वखारींत. सरकारनें बोचकें तपासलें, वखारीकडे पुरेसें पाहिलें नाहीं.

पंजाबच्या उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होतें. ऑक्टोबर १८९७ मध्यें जालंदर जिल्ह्यांतील खटकड कलाँ या गांवीं तेथील पहिला प्लेग आढळला. हा गव्हाचा प्रांत. त्याचा गहूं कराचीच्या बंदरांतून विलायतेस जाई, आणि कराचींत तर प्लेग डिसेंबर १८९६ पासूनच होता. पंजाबांत साथीचा जोर फाल्गुन-चैत्रापासून वैशाखापर्यंत असे, म्हणजे बरोबर रब्बीच्या कापणी-मळणीच्या दिवसांत. एकट्या १९०७ सालीं त्या प्रांतांत सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. शेतांत पीक उभें, आणि कापणारे हात नाहींत. उलट मद्रासेकडील बऱ्याच भागांत, माणसांची ये-जा कांहीं कमी नसतां, रोग त्या मानानें फैलावला नाहीं. हर्स्ट यांनीं त्याचें कारण तेथील पिसवांच्या निराळ्या जातींत दाखविलें. केवळ मनुष्यांच्या प्रवासानें हा भेद उलगडत नाहीं.

आपल्या देशावरच्या गांवांनीं शोधलेला उपाय या दृष्टीनें विचारणीय आहे. उंदीर पडूं लागले कीं गांव उठून रानांत झोपड्या घालून राही. अधिकाऱ्यांनींही कालांतरानें याच उपायाचा पुरस्कार केला. परंतु झोपडींत नेतां येत नाहीं तें पेव. वर्षाचें धान्य गांवांतच, घराच्या किंवा वाड्याच्या पोटांत राहिलें, आणि तें आणण्यास कोणी तरी रोज गांवांत जाणें प्राप्त झालें. माणसास गांव सोडतां येतें, अन्नास सोडतां येत नाहीं. या साथीचें सारें दुःख या एका गोष्टींत सामावलें आहे.

तात्पर्य, मरीनें शेतमालाच्या व्यापारास मारलें तें पीक बुडवून नव्हे, तर माणूस, पत व बंदर या तीन ठिकाणीं तोडून. आणि त्याच व्यापारानें मरीस आसरा दिला. सरकारनें धान्य थांबवावयास हवें होतें असें मी म्हणत नाहीं. दुष्काळांत तें पाप ठरलें असतें. परंतु ज्या कडकपणानें माणसांचीं घरें उकरलीं, त्याच्या चतुर्थांशानें जरी वखारीवरचें बिऱ्हाड वखारीपासून वेगळें केलें असतें, तरी रोगाची मुळी सांपडती. न्याय असा उलटा झाला कीं, जें धरण्यास सोपें तें धरलें, व जें धरावयास हवें होतें तें सोडलें.

मुंबईचा हा घाऊक धान्यबाजार पुढें मशीद बंदराहून वाशीस गेला. मे २०२० मध्यें नव्या साथीमुळें वाशीची बाजारपेठ कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. रोग निराळा, त्याच्या प्रसाराची रीतिही निराळी. पण हमाल, अडत्या व वाहनवाला यांवांचून भाजी-धान्य जागचें हालत नाहीं हा धडा जुनाच होता.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. प्लेगच्या इतिहासाचीं जीं साधनें आज हातीं आहेत तीं बहुतेक सरकारी: म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा अहवाल, नेथन यांचा ग्रंथ, काँडन यांचा वृत्तांत. मुंबईच्या प्लेग समितीचें अध्यक्षपद कांहीं काळ ज्यांनीं सांभाळलें ते जेम्स कँपबेल म्हणजे आपल्या परिचयाच्या मुंबई गॅझेटियरचेच संपादक. त्यांच्यासारख्या साक्षेपी गृहस्थाचीही दृष्टि अखेर सरकारी कचेरींतूनच पाहणारी. दुकानाच्या गादीवरून हा काळ कसा दिसला, हें सांगणार त्या अडत्यांच्या कीर्दी, खतावण्या, हुंड्यांच्या नकला व आडगिऱ्हाइकी पत्रें. आपण सनदा, महजर व बखरी जिवापाड जपतों, आणि शके १८१८ ची मोडी कीर्द पुढ्यांत आली तर ‘अलीकडची’ म्हणून बाजूस सारतों. ती रद्दींत जाते. कोणत्या आठवड्यांत आवक थांबली, कोणती हुंडी परत फिरली, हमालीचा दर कधीं चढला, हें त्या पानांवांचून दुसरीकडे मिळणार नाहीं. ज्यांच्या माळ्यावर अशीं बाडें असतील त्यांनीं तीं उंदरांच्या आधीं आपल्या ताब्यांत घ्यावीं, एवढेंच मागणें.