तांब्याचा टंका

बीड शहराच्या दक्षिणेस करजणी गांवाजवळील टेकडीवर एक जुनें थडगें आहे. त्यांत माणूस नाहीं, एक दांत पुरलेला आहे! दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक वरंगळहून आजारी स्थितींत परतत असतां बीडनजीक त्याचा दांत पडला आणि त्यानें तो समारंभपूर्वक पुरविला, अशी हकीकत फेरिस्त्यानें लिहून ठेविली आहे. लोक ती ऐकून हंसतात. पण दांतावर थडगें बांधविणाऱ्या या सुलतानाचा त्याहून मोठा वारसा नाणेंसंग्राहकांच्या पेटींत सांपडतो. तो म्हणजे त्याचा तांब्यापितळेचा टंका.

हा टंका हिजरी ७३० ते ७३२, म्हणजे सुमारें इ. स. १३२९ ते १३३२ या काळांत पाडला गेला. हलक्या धातूचें हें नाणें चांदीच्या भावानें घ्यावें, असा हुकूम होता. कल्पना वेडगळ नव्हती. चीनमध्यें युआन बादशहांनीं कागदी चलन चालविलें होतें. मात्र इराणांत १२९४ सालीं तोच प्रयोग फसला होता. सुलतानाची आज्ञा पाळणें म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणें, अशा अर्थाचा लेखही यांतील कांहीं नाण्यांवर आहे. धातूची उणीव शब्दांनीं भरून काढावयाची होती!

परंतु खरें नाणें ओळखण्याची खूण प्रजेपाशीं नव्हती. घरोघरीं टांकसाळी निघाल्या, असें समकालीन इतिहासकार बरनी सांगतो. लोक तांबें देऊन सारा भरूं लागले आणि चांदी घरांत दडवूं लागले. अखेर सुलतानानें नाणीं परत घेऊन खजिन्यांतून सोनें-चांदी मोजली. तुघलकाबादेस तांब्याचे डोंगर पडले.

तेव्हां नाकारलेलें तें नाणें आज संग्राहक हौसेनें शोधतात. दौलताबादच्या टांकसाळीचें नांव असलेला टंका महाराष्ट्रीयांस विशेष मोलाचा वाटावा. मात्र अक्षरांची ठेवण, सन, टांकसाळ आणि सुमारें नऊ ग्रॅमचें वजन पाहूनही सरकारी नाणें कोणतें व घरगुती कोणतें, हा वाद पुष्कळदां मिटत नाहीं. आणि खोटें ठरलेलें नाणेंही टाकाऊ नव्हे. फसलेल्या हुकुमाचा तें साक्षीदार असतें.

साक्षीदारास मात्र गांव हवें. नांगराच्या फाळास लागलेलें तांबें भट्टींत गेलें, किंवा ठिकाण न नोंदतां हातोहात विकलें गेलें, कीं तें मुकें होतें. दहा रुपयांहून अधिक किंमतीची पुरलेली ठेव सांपडल्यास कलेक्टरास कळवावी, असा १८७८ चा कायदा आहे. बीडच्या शेतांत असा टंका निघाला आणि त्या जागेची नोंद झाली, तर दिल्लीचा शब्द गोदावरीच्या दक्षिणेस कोठवर पोहोंचला, हें तो सांगूं शकेल. पेटींतला नुसता टंका एवढेंच सांगतो कीं, राजानें शब्द दिला होता आणि बाजारानें तो मानला नाहीं.