डोळ्यांपुढच्या माश्या : जुनी कोणती, नवी कोणती?

वैशाखातील वऱ्हाडी दुपार. तापून पांढरे पडलेले आकाश, चुन्याने रंगवलेली भिंत किंवा संगणकाचा कोरा स्क्रीन. अशा उजळ पार्श्वभूमीकडे पाहताना डोळ्यांपुढून एखादा करडा ठिपका, केसाचा तुकडा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा तरंगत जातो. त्याच्याकडे नीट पाहू गेले की तो पळतो. नजर थांबली की तोही रेंगाळतो. डोळे चोळले, थंड पाण्याने धुतले, चष्मा पुसला, तरी तो जात नाही. ‘डोळ्यांपुढे माश्या उडतात’ अशी तक्रार पूर्वी घरातील वडीलधारी मंडळी करीत. आता ती अमरावती आणि अकोल्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या किंवा दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या पंचविशी-तिशीतील तरुणांकडूनही ऐकू येते.

या तरुणांकडून दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी साध्या ठिपक्याने घाबरून जातो, आपण आंधळे होणार या धास्तीने रात्ररात्र झोपत नाही. दुसरा मात्र ‘आपल्याला तर हे जुनेच आहे’ म्हणून खरोखरच्या धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष करतो. या दोन टोकांच्या मध्ये एकच भेद ध्यानात ठेवायचा आहे. जुनी, ओळखीची माशी सोबत घेऊन जगता येते. नव्याने आलेल्या माश्यांची तपासणी मात्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हायलाच हवी.

माशी नव्हे, सावली

आपल्या डोळ्याचा गोल आतून पोकळ नाही. भिंग आणि मागचा पडदा यांच्या मधली जागा जेलीसारख्या पारदर्शक पदार्थाने भरलेली असते. त्याला काचाभ द्रव म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याचा उल्लेख ‘व्हिट्रियस’ असा करतात. त्याचे आकारमान जेमतेम चार मिलिलिटर असून त्यातील ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू आणि हायल्युरॉनिक आम्ल असते. या दोहोंमुळेच त्या पाण्याला जेलीचे रूप येते.

कालांतराने ही जेली ठिकठिकाणी पातळ होते आणि तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या किंवा दोऱ्या बनतात. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशात या दोऱ्यांची सावली मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. डोळा हलला की जेली हलते, म्हणून सावलीही हलते. भर उजेडात बाहुली लहान होते आणि सावली अधिक रेखीव पडते. त्यामुळे उन्हात किंवा चिखलदऱ्याच्या पांढऱ्या धुक्यात ठिपके ठळक दिसतात, तर संध्याकाळी घरात आल्यावर ते नाहीसे झाल्यासारखे वाटतात. वऱ्हाडातील ऊन ही सावली दाखवते, निर्माण करीत नाही. उन्हाळ्यात शरीराला पाणी लागतेच. परंतु पाणी अधिक प्यायल्याने हे ठिपके विरघळतात, याला आधार नाही.

निळ्याभोर आकाशाकडे पाहताना काहींना झरझर धावणारे चमकदार बिंदूही दिसतात. तो प्रकार वेगळा आहे. दृष्टिपटलावरच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे तसे दिसते आणि ते पूर्णतः नैसर्गिक असते.

या तक्रारीची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर या नेत्ररोगाचे वर्णन करताना रुग्णाला माश्या, डास, केस आणि जाळी दिसत असल्याचा उल्लेख येतो. युरोपातील वैद्यकाने लॅटिनमध्ये दिलेल्या नावाचा अर्थही ‘उडत्या माश्या’ असाच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६०३ स्मार्टफोनधारकांना याविषयी विचारण्यात आले. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी असे ठिपके दिसत असल्याचे सांगितले, तर ३३ टक्क्यांनी त्यामुळे पाहण्यात अडथळा येतो अशी तक्रार केली. थोडक्यात, ठिपके दिसणारा तरुण एकटा नाही.

तरुण वयात का?

काचाभ द्रव पातळ होऊन दृष्टिपटलापासून सुटणे ही साधारणतः पन्नाशीनंतरची प्रक्रिया आहे. तरुणांमध्ये ती लवकर सुरू होण्याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे लघुदृष्टी, अर्थात ‘मायनस’ नंबरचा चष्मा. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. मोठ्या मायनस नंबरात ती २६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक होते. डोळा लांबला की आतली जेली लवकर पातळ होते आणि दृष्टिपटल ताणले जाऊन कडेला विरळ होते.

विदर्भातील लघुदृष्टीची पाहणी यापूर्वी झाली आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २००६ ते २००८ या काळात नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तिशीपुढील ४,७११ जणांची नेत्रतपासणी झाली. त्यांत सुमारे १७ टक्के लोकांना लघुदृष्टी आढळली. मोठ्या नंबराचे प्रमाण मात्र एक टक्क्याच्या आत होते. ही पाहणी खेड्यातील होती. शहरातील मुले पुस्तक आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरून दिवसाचा मोठा भाग घरात काढतात. लहानपणी मोकळ्या उजेडात खेळल्याने लघुदृष्टी सुरू होण्याचा धोका कमी होतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. लग्न किंवा नोकरीच्या निमित्ताने लेसर करून चष्मा घालविण्याकडे तरुणांचा कल असतो. या लेसरने बुबुळाचा बाह्य आकार बदलतो; डोळ्याची लांबी बदलत नाही. चष्मा गेला तरी ताणलेले दृष्टिपटल तसेच राहते. म्हणून पूर्वी मोठा नंबर असलेल्यांनी चष्मा सुटल्यावरही दरवर्षी पडद्याची तपासणी करून घेणे इष्ट असते.

लघुदृष्टीखेरीज इतरही कारणे संभवतात. क्रिकेटचा चेंडू, कुस्ती किंवा कबड्डीतील मार, डोळ्याच्या अंतर्भागातील दाह, मधुमेहामुळे डोळ्यात होणारा रक्तस्राव ही त्यांपैकी काही. भारतीय उपखंडातील तरुण पुरुषांमध्ये ‘ईल्स’ नावाचा विकार विशेषत्वाने आढळतो. हेन्री ईल्स या इंग्रज नेत्रवैद्याने १८८० मध्ये त्याचे वर्णन केले. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन डोळ्यात अकस्मात रक्त उतरते आणि रुग्णाला काळ्या धाग्यांचा किंवा धुराचा लोट उठल्यासारखे दिसते. या विकाराचा क्षयरोगाच्या जंतूंशी संबंध असावा, असे मानले जाते. त्यामुळे ‘तरुण आहे, काही होणार नाही’ हे गृहीतक दरवेळी खरे ठरत नाही.

कधी थांबू नये

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये :

- एकाएकी अनेक नवे ठिपके दिसू लागणे किंवा काजळीचा सडा पडल्यासारखे वाटणे;
- अंधारातही डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखा लखलखाट होणे;
- नजरेच्या एखाद्या बाजूने काळी सावली किंवा पडदा सरकत येणे;
- नजर अचानक धूसर होणे, डोळा लाल होणे किंवा दुखणे;
- डोळ्याला मार लागल्यानंतर ठिपके सुरू होणे.

एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहिल्यास दोष कोणत्या डोळ्यात आहे ते कळते. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचे वैगुण्य दुसरा झाकून टाकतो आणि म्हणून अनेकदा उशीर होतो.

या घाईमागे कारण आहे. काचाभ द्रव सुटताना दृष्टिपटलाला ओढ बसून ते फाटू शकते. अचानक ठिपके वा लखलखाट सुरू होऊन हा द्रव सुटल्याचे आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे १४ टक्क्यांच्या पडद्याला भेग असल्याचे २००९ मधील एका आढाव्यात दिसून आले. हे रुग्ण बहुतांशी उतारवयातील होते. परंतु मोठ्या नंबराच्या तरुणालाही हा धोका असतो. भेग वेळीच सापडली तर तिच्याभोवती लेसरचे डाग देऊन ती बंद करता येते. हे काम काही मिनिटांत, बाह्यरुग्ण विभागातच होते. उशीर झाला तर भेगेतून पाणी मागे शिरते आणि पडदा सुटतो. मग मोठी शस्त्रक्रिया अटळ होते. पडद्याचा मध्यबिंदू सुटण्यापूर्वी ती झाली, तर वाचन करण्याजोगी दृष्टी टिकण्याची शक्यता बरीच अधिक असते.

तपासणीला जाताना

भिंतीवरच्या तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता आली म्हणजे पडदा सुरक्षित आहे, असे नव्हे. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते आणि पडद्याच्या कडेपर्यंत पाहावे लागते. आत रक्त साचल्याने काही दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी केली जाते. थेंबांचा परिणाम काही तास राहतो. तोवर जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. म्हणून स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये. कोणाला तरी सोबत घ्यावे आणि काळा चष्मा जवळ बाळगावा.

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. अमरावतीत इर्विन या नावाने ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठावे लागले, तर अमरावतीहून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. अकोलेकरांना मात्र त्याहून बराच लांबचा प्रवास करावा लागतो. हे अंतर लक्षात घेता ‘रविवारी सुटी आहे, तेव्हा पाहू’ हा विचार महागात पडू शकतो. अशा शस्त्रक्रियेत कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो विरेपर्यंत विमानप्रवास आणि चिखलदऱ्यासारख्या उंच ठिकाणी जाणे टाळावे लागते; उंचीवर वायू प्रसरण पावून डोळ्यातील दाब वाढतो.

उपचार : मोह आणि मर्यादा

पडदा सुरक्षित असल्याचे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो : हे ठिपके घालविता येतील का? बाजारात मिळणारे कोणतेही थेंब, गोळ्या वा काढे ते विरघळवीत असल्याचे सिद्ध झालेले नाही. डोळ्यात मध किंवा गुलाबपाणी घालणे तर जंतुसंसर्गाला आमंत्रण ठरते. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेले स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतिबिंदू होऊ शकतो.

याग लेसरने ठिपका फोडण्याची पद्धत अस्तित्वात आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ रुग्णांच्या चाचणीत, लेसर घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना सहा महिन्यांनी सुधारणा जाणवली. लटका लेसर दिलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. तथापि ती चाचणी काचाभ द्रव पूर्णपणे सुटलेल्या आणि एकच ठळक ठिपका असलेल्या रुग्णांवर झाली. तरुणांमधील बारीक धागे पुष्कळदा पडद्याच्या अगदी जवळ असतात. तेथे लेसर चालविणे सुरक्षित नसते.

दुसरा मार्ग म्हणजे काचाभ द्रवच काढून टाकणे. रॉबर्ट माकेमर यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेतील मायामी येथे ही शस्त्रक्रिया विकसित केली. ती ठिपके खरोखर घालविते. परंतु मोतिबिंदू लवकर होणे, पडदा सुटणे, क्वचित जंतुसंसर्ग असे धोके तिच्यासोबत येतात. तरुणांमध्ये द्रव पडद्याला घट्ट चिकटलेला असल्याने तो सोडविणे अधिक जोखमीचे असते. त्यामुळे नेत्रतज्ज्ञ तरुण रुग्णाला बहुधा थांबण्याचाच सल्ला देतात.

सोबत घेऊन जगताना

‘डोळे उत्तम आहेत, दुर्लक्ष करा’ एवढे सांगून रुग्णाला परत पाठविले जाते, तेव्हा त्याचे समाधान होत नाही. त्याचा त्रास काल्पनिक नसतो. सिंगापूरमधील रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठिपक्यांपासून सुटका मिळावी म्हणून आयुष्याच्या दर दहा वर्षांतील सरासरी १.१ वर्षे देण्याची तयारी रुग्णांनी दाखविली होती. तरुण रुग्ण त्यासाठी अधिक जोखीम पत्करायला तयार होते.

तरीही बहुतेकांच्या बाबतीत काळ हेच औषध ठरते. काही गुठळ्या नजरेच्या मध्यापासून दूर सरकतात आणि उरलेल्यांकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकतो. पंख्याचा आवाज काही वेळाने ऐकू येईनासा होतो, तसेच हे आहे. मात्र रोज सकाळी पांढऱ्या भिंतीकडे पाहून ठिपके मोजणाऱ्याला ही सवय लागत नाही. संगणकाचा प्रकाश खोलीतील उजेडाइतका ठेवणे, कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनऐवजी फिकट किंवा काळी पार्श्वभूमी निवडणे, उन्हात काळा चष्मा आणि टोपी वापरणे, आड आलेला धागा दूर सारण्यासाठी नजर एकदा वर-खाली फिरवणे, या उपायांनी दिवस सुसह्य होतो. वाचनाने किंवा संगणकावरील कामाने ठिपके वाढत नाहीत, तेव्हा अभ्यास सोडण्याचे कारण नाही. चिंतेने झोप उडाली असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

मायनस सहा किंवा त्याहून मोठा नंबर असणाऱ्यांनी, तसेच घरात कोणाचा पडदा सुटलेला असेल त्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. ओळखीच्या दोन-चार माश्या डोळ्यांपुढे राहिल्या तर राहू द्याव्यात. त्यांच्यात एके दिवशी अनोळखी थवा येऊन मिसळला, तर मात्र डोळे तपासल्याशिवाय तो दिवस मावळू देऊ नये.