टाउनशिप (मिनेसोटा)

टाउनशिप : अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ग्रामीण भागाची सर्वांत लहान स्थानिक स्वराज्य संस्था. कायद्याच्या भाषेत ‘टाउन’. आपल्याकडे हा शब्द बिल्डरने उभारलेल्या वसाहतीला चिकटला आहे. मिनेसोटातील टाउनशिपला मात्र पुष्कळदा गावठाणही नसते. मका-सोयाबीनची शेते, एकमेकांपासून लांब असलेली शेतघरे आणि सभेपुरता उघडणारा टाउन हॉल, एवढाच पसारा. राज्यात अशा सुमारे १,७८० टाउनशिप आहेत. ईशान्येकडील जंगलपट्ट्यात बराच मुलूख असंघटित असून त्याचा कारभार थेट काउंटी (जिल्हा प्रशासन) पाहते.

टाउनशिपचे मूळ मोजणीदाराच्या साखळीत आहे. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने सरकारी जमिनीचे ६ मैल लांब-रुंद चौकोन पाडायचे ठरवले. प्रत्येक चौकोनात ३६ सेक्शन आणि सेक्शन १ चौ. मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. मिनेसोटात १६ व ३६ क्रमांकांचे सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवले होते. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा जवळजवळ येतात. ही तूट मोजणीदारांनी चौकोनाच्या उत्तर व पश्चिम कडांच्या सेक्शनांत ढकलली आणि ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा आखून मोजणी नव्याने सुरू केली. मोकळ्या रानात सरळसोट रस्ता विनाकारण वळतो, थोडे जाऊन पुन्हा उत्तरेला लागतो, तो बऱ्याचदा अशा रेषेवर. १८५८ मध्ये मिनेसोटा राज्य झाले आणि वस्ती वाढेल तसे या कोऱ्या चौकोनांना कारभारी मिळत गेले.

कारभार ३ (क्वचित ५) पर्यवेक्षकांचे मंडळ पाहते. पर्यवेक्षकांची मुदत सहसा ३ वर्षे. जोडीला एक क्लार्क आणि एक खजिनदार. पण पैशाची किल्ली वार्षिक सभेकडे असते. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी मतदार जमतात, आपल्यातूनच सभाध्यक्ष निवडतात आणि पुढील वर्षी मालमत्ता कर किती घ्यायचा ते हात वर करून ठरवतात. ते जो आकडा मंजूर करतील त्याच्या वर मंडळाला जाता येत नाही. हवामान फार बिघडले तर सभा तिसऱ्या मंगळवारी घ्यावी, ही सोयही कायद्यातच आहे. मिनेसोटातला मार्च पाहता ती शोभेची नाही.

या कराचा मोठा हिस्सा रस्त्यांवर जातो. राज्यातील सुमारे ५५,००० मैल रस्ते टाउनशिपांकडे असून बहुतेक खडीचे आहेत. खडी टाकणे, ग्रेडर फिरवणे, मोऱ्या बदलणे, हिवाळ्यात बर्फ काढणे ही कामे बारा महिने चालू असतात. यंत्रे परवडत नाहीत तिथे ठेकेदाराला किंवा काउंटीला काम दिले जाते. नव्या रस्त्याची कायदेशीर रुंदी किमान ४ रॉड, म्हणजे ६६ फूट. मोजणीदारांची साखळीही नेमकी तेवढीच लांब होती.

बांधाचे वाद इथेही आहेत. सामाईक कुंपण कोणी, किती बांधायचे यावर शेजाऱ्यांचे जमेना, की पर्यवेक्षक ‘कुंपण-निरीक्षक’ म्हणून जागेवर जाऊन वाटणी ठरवून देतात. उपद्रवी तणांवर नजर ठेवण्याचे कामही त्यांच्याचकडे. ५ एकर किंवा अधिक जमिनीला वाटच नसेल तर मालक गाडीवाटेसाठी मंडळाकडे अर्ज करू शकतो. वाट किमान २ रॉड रुंद ठेवावी लागते आणि तिच्यात ज्याची जमीन जाते त्याची भरपाई साधारणपणे अर्जदाराने भरायची असते. पाणंदीच्या भांडणात मुरलेल्या मराठी वाचकाला इथे दुभाष्या लागणार नाही.

सर्व टाउनशिप अशा विरळ वस्तीच्या नाहीत. सेंट पॉलजवळच्या व्हाइट बेअर टाउनशिपची लोकसंख्या सुमारे ११,००० आहे. अशा दाट वस्तीच्या टाउनशिपांना कायदा शहरासारखे काही जादा अधिकार देतो. वाढत्या शहरांशी त्यांचा झगडा हद्दवाढीचा असतो. शहराने लगतची जमीन आत ओढली की टाउनशिपचा करपात्र भाग घटतो आणि मूळचा चौकोन एका बाजूने कुरतडल्यासारखा नकाशावर उरतो.