शस्त्र कशासाठी? शिरूर-दौंडच्या संदर्भात बंदूक परवान्याचा विचार

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन जणांचा जीव घेतला. त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर वनखात्याच्या पथकाने एका बिबट्याला गोळी घालून ठार केले. अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती बंदूक असावी हा विचार जोर धरतो. त्यामागची भीती खरी आहे, म्हणूनच तिचे उत्तर नीट तपासून द्यायला हवे.

१. हक्क की परवानगी?

इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले. त्याची चीड इतकी होती की १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये गणला गेला. १९४८च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तोच मुद्दा घटना समितीत मांडला. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, हा त्यांचा आक्षेप होता. अमेरिकेने १७९१च्या घटनादुरुस्तीने शस्त्राला हक्काचे स्थान दिले, आपण दिले नाही. आपल्या घटनेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले तेही शांततेने आणि विनाशस्त्र. त्यामुळे आपल्याकडे बंदूक हक्काने मागता येत नाही, तिचे प्रयोजन सांगावे लागते.

२. कायद्याने केलेले वर्गीकरण

१९५९च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ हेच तत्त्व पाळते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, नेमबाजी क्लबाच्या सदस्याला पॉइंट २२ रायफल, अशी ही विभागणी आहे. यांसाठी परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवे असेल तर मात्र सबळ कारण दाखवावे लागते. ग्रामीण भागात पोलिसांचा अहवाल पाहून जिल्हाधिकारी निर्णय घेतात. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि जल्लोषात बेदरकारपणे केलेला गोळीबार शिक्षापात्र ठरवला.

३. प्रयोजनांची कसोटी

(अ) पीक. रानडुक्कर एका रात्रीत मका किंवा भुईमूग उद्ध्वस्त करते, हे नुकसान खरे आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११खाली वेगळी परवानगी लागते. ती वेळेत मिळाली नाही तर ठासणीची बंदूक भिंतीवरच राहते.

(आ) बिबट्या. हा प्रश्नाचा गाभा आहे. घोड, कुकडी आणि भीमेच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. तो दबा धरून येतो आणि बहुधा लहान मुलावर किंवा वाकून काम करणाऱ्यावर झडप घालतो. पिंपरखेडला बळी गेले ते दोन मुले आणि एक वृद्धा. यांपैकी कोणाच्या खांद्यावर बंदूक असणार होती? उसाच्या सरीत रात्री नेम धरता येत नाही. चुकलेला छर्रा पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्यांपर्यंत जाऊ शकतो आणि जखमी बिबट्या अधिक घातक होतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेली हत्या कायदा गुन्हा मानत नाही, ही तरतूद योग्यच आहे. पण ती अपवादात्मक क्षणासाठी आहे, गावोगाव बंदुका वाटण्यासाठी नाही.

(इ) चोर-दरोडेखोर. या प्रयोजनाचा पक्ष सर्वांत बळकट आहे. पाण्याच्या पट्ट्यात घरे गावठाणात नाहीत, शेतातल्या वस्त्यांवर विखुरलेली आहेत. पोलीस पोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचे? भारतीय न्याय संहितेतली कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा अधिकार देतात. तेव्हा खऱ्या धोक्यातल्या, निर्व्यसनी आणि प्रशिक्षित माणसाला चौकशीनंतर परवाना नाकारू नये.

(ई) प्रतिष्ठा. जमिनीचे भाव, वाळू आणि रांजणगावची औद्योगिक ठेकेदारी यांतून पैसा आला आणि कमरेला पिस्तूल हे वजनाचे चिन्ह बनले. हे प्रयोजन कायद्यात कुठेच बसत नाही. २०१८च्या जानेवारीत दौंड शहरात एका राखीव पोलीस कर्मचाऱ्याच्या गोळीबारात तिघे ठार झाले. शिस्तीत वावरणाऱ्या माणसाकडूनही हे घडले. मग रागाच्या भरात इतरांचा हात आवरेल याची हमी कोण देणार?

४. निष्कर्ष

चारपैकी एकच प्रयोजन खासगी बंदुकीने काही अंशी साधते, आणि तेही तिऱ्हाइताने पडताळल्यावर. बिबट्याच्या बाबतीत शासनाचे कर्तव्य शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकणे अन्याय्य आहे. शेतीपंपाला दिवसा वीज, वस्तीभोवती उजेड व कुंपण, पुरेसे पिंजरे आणि तासाभरात पोचणारे प्रशिक्षित सशस्त्र पथक ही मागणी बंदुकीच्या परवान्यापेक्षा अधिक न्याय्य आहे आणि अधिक जीव वाचवणारीही. ग्रामसभांनी ठराव करायचा असेल तर याच मागणीचा करावा.