वाटींतला केक

फणसाचा हंगाम आला कीं रत्नागिरीकडील घरांत सांदणाच्या वाट्या मांडल्या जातात. बरक्या फणसाचा रस, तांदळाच्या कण्या व गूळ कालवून तें मिश्रण तूप लावलेल्या वाट्यांत ओतावयाचें, वाफेवर उकडावयाचें आणि नारळाच्या दुधाबरोबर पाहुण्यांस वाढावयाचें, हा तेथील जुना परिपाठ. पुढें तवशीं पिकून पिवळीं झालीं म्हणजे धोंडसाची पाळी येते. किसलेलें तवसें, भाजलेल्या कण्या, गूळ व खोबरें जाड बुडाच्या पातेल्यांत शिजवावयाचें आणि झाकणावर निखारे पसरावयाचे. खालून चूल, वरून निखारे. ही भट्टीच होय. तिला तसें नांव मात्र कोणीं दिलें नाहीं. तेव्हां केकच्या कृतींत कोंकणी गृहिणीस अगदीं परकें वाटावें असें फारसें कांहीं नव्हतें. तरीहि तो तिच्या घरांत येण्यास फार काळ लागला. याचें कारण पाकशास्त्रांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

भट्टींतला पाव पोर्तुगीजांनीं गोव्यांत आणला. 'पाव' हा शब्दहि त्यांच्याच भाषेंतला. पीठ फुगविण्यास तेथें माडाची माडी घालीत, आणि भाजणारे हात ख्रिस्ती. सोवळ्याच्या घरांस एवढीं दोन कारणें पुरेशीं होतीं. विहिरींत पाव टाकला कीं तिचें पाणी पिणारे सारे बाटले, ही समजूत किनाऱ्यावर दीर्घकाळ टिकली. केकमध्यें तर वर अंडेंहि!

हा केवळ खेड्यांतला भोळेपणा नव्हता. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, आणि रत्नागिरींत जन्मलेले टिळकहि होते. गोपाळराव जोशी यांनीं नांवें छापून आणलीं, ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं रानड्यांसारख्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एका पेल्यासाठीं व बिस्किटासाठीं एवढें, तर सामान्य गृहस्थानें वाढदिवसास बेकरींतला केक आणण्याचें धाडस कोठून करावें?

रत्नागिरींतच या रोटीबंदीवर उघड घाव पडला. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळांत सावरकरांनीं तेथें सहभोजनें घडविलीं. १९३१ सालीं भागोजीशेट कीर यांच्या द्रव्यसाहाय्यानें पतितपावन मंदिर उभें राहिलें, आणि १९३३ सालीं सर्व जातींच्या हिंदूंस खुलें उपाहारगृह निघालें. पंक्तींतल्या भिंती अशा चारचौघांत पाडतां येतात. स्वयंपाकघरांतल्या भिंतीस वेगळा उपाय लागतो. बाहेरचा केक चालत नसेल तर तो घरींच करावा, हा तो उपाय. यांत कोणाचा वाद जिंकला गेला नाहीं, पण मुलांस केक मिळाला.

या उपायास दोन परदेशी गोष्टींचें साह्य झालें. अमेरिकेंत १७९६ सालच्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकांत लहान पेल्यांत भाजावयाचा केक येतो, आणि १८२८ सालीं एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकांत 'कपकेक' हें नांव छापलेलें दिसतें. तराजूऐवजीं पेल्यानें मोजण्याची ही सोय वाटीनें मोजणाऱ्या आपल्या बायकांस शिकवावी लागली नाहीं. दुसरी गोष्ट बेकिंग पावडर. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्यानें ती १८४३ सालीं सिद्ध केली, कारण त्याच्या पत्नीस यीस्ट सोसत नसे. तिच्या प्रकृतीची अडचण व कोंकणांतल्या सोवळ्याची अडचण यांवर तोडगा एकच निघाला, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

अंड्यावांचून होणारी कृति आतां घरोघर ठाऊक आहे. वाटीभर दह्यांत पाऊण वाटी साखर विरघळवावी. पाव चमच्याहून थोडा अधिक सोडा व चमचाभर बेकिंग पावडर घालावी. दह्याची आंबटी व सोडा यांच्या संयोगानें वायु सुटून मिश्रण फसफसतें. मग अर्धी वाटी तेल व दीड वाटी चाळलेला मैदा हलक्या हातानें मिसळावा. फार घोटल्यास केक चिवट होतो. तूप लावलेल्या लहान वाट्या अर्ध्याच भराव्या. कुकरच्या तळाशीं मीठ पसरून, पाणी न घालतां, झाकणाचें रबर व शिटी काढून तो आधीं तापवावा, आणि वाट्या आंत जाळीवर ठेवून मंद आंचेवर वीस-पंचवीस मिनिटें भाजाव्या. मोठा केक कडेला करपून मध्यें कच्चा राहतो. लहान वाटींत उष्णता मध्यापर्यंत लवकर पोंचते.

वाढदिवसाचें औक्षण मात्र बहुतेक घरीं आधींच होतें. पेटविलेली ज्योत फुंकून विझविणें कित्येक आज्यांस अजून रुचत नाहीं. तेथें मेणबत्ती लावीतच नाहींत. निरांजन पाटाजवळ तेवत राहतें, आणि मुलांच्या हातीं सांदणाच्याच वाट्यांतून निघालेले केक दिले जातात.