कोण गावचं म्हणायचं?

चला, मोबाइल, पाकीट, आधार कार्ड सगळं बाजूला ठेवा. चपलाही काढा. जायचंय तिथे यातलं काहीच कामाला येणार नाही. डोळे मिटा. उघडा.

आधी तळपायाला चटका बसतो, मग नाकात धूळ जाते. सासवडचा बाजार भरलाय आणि कऱ्हेच्या काठी, बैलांच्या गर्दीत तुम्ही उभे आहात. पुण्यात पेशव्यांचा अंमल आहे. कुठल्या पेशव्यांचा, याची इथे आज कुणाला फिकीर नाही, कारण गूळ आलाय. गुळाच्या ढेपांवर माशा घोंघावताहेत. तंबाखूचा उग्र दर्प येतोय, धनगराच्या घोंगड्यांना मेंढरांचा वास आहे आणि या सगळ्याखाली ताजं शेण. सराफ दगडावर रुपया आपटून नाद ऐकतोय. मधेच कुणीतरी ओरडतं, "ए, बाजूला व्हा!" आणि एक खिल्लारी बैल तुमच्या बरगडीला शिंग घासून पुढे निघून जातो.

पहिल्या दहा पावलांतच तुमचं परकेपण उघडं पडतं. खांद्यावर कांबळं टाकलेला एक म्हातारा वाट अडवून उभा राहतो.

"रामराम! कोन गावचं म्हनायचं?"

नाव नाही विचारलं त्यानं. नाव कळून त्याचं भागणार नाही. हवं तर या बाजारात "खंडू!" म्हणून एक हाक मारून बघा. मारलीत? बघा किती माना वळल्या! जेजुरी इथून काही कोसांवर, त्यामुळे घरोघर खंडू, मल्हारी, म्हाळसा. सोपानदेवांची समाधी तर गावातच, म्हणून सोपान. आणि पंढरीची वाट दारावरून जाते, तेव्हा विठू, पांडू, तुका, नामा किती असतील ते विचारू नका. देवाचं नाव लेकराला दिलं की हाक मारताना आपोआप देवाचं नाव तोंडी येतं, ही इथल्या आयाबायांची साधी श्रद्धा. पण इतक्या खंडूंतून आपला खंडू निवडायचा कसा? गावावरून.

मात्र गावाचं नाव गावात राहून मिळत नाही. नीरेकाठचं होळ इथून फार लांब नाही. तिथल्या धनगराचा पोरगा मल्हारी खानदेशात मामाकडे वाढला, पुढे फौजेत चढत गेला आणि जगाचा होळकर झाला. खुद्द होळात कोण कुणाला होळकर म्हणणार? तिथे तर सगळेच होळचे. समोर आभाळाला टेकलेला पुरंदर दिसतोय ना, त्याच्यावरून पुरंदरे. फार पुढे गोव्याच्या मंगेशीतून निघालेला दीनानाथ नावाचा गवई मंगेशकर होईल. नावातलं ते 'कर' म्हणजे कुणीतरी कधीतरी पाठीवर गाठोडं बांधून घरातून बाहेर पडल्याची नोंद आहे. मला तर ही आडनावं ऐकली की आधी ती वाटच दिसते.

म्हातारा तुम्हाला चावडीवर नेतो. सावलीत शिरताच अंगावर शहारा येतो, इतकी आतली सारवलेली जमीन गार आहे. पाटील तक्क्याला टेकलेत, त्यांचा मदतनीस चौगुला दाराशी उभा. कुलकर्णी मांडी घालून बसलाय. बोरू शाईत बुडतो आणि कागदावरून कुरकुरत मोडी अक्षरांची ओळ ओढत नेतो. मग चिमूटभर वाळू, एक फुंकर, आणि कागद रुमालात. कुणब्याचं नाव असेल तर लिहायचं 'खंडूजी बिन मल्हारजी', म्हणजे मल्हारजीचा मुलगा खंडूजी. तुम्ही बाई असाल तर मधे 'कोम' येईल आणि पुढे नवऱ्याचं नाव. आडनाव दर वेळी लिहायलाच हवं असं नाही. गाव, बाप आणि वतन कळलं की माणूस पुरता कळला, असा हिशेब.

ज्याच्या हातात बोरू आहे त्याचंही घराण्याचं जुनं नाव मागे पडत चाललंय. गाव त्याला कुलकर्णी म्हणतं, त्याच्या पोरांनाही म्हणेल, आणि नातवंडांनी गावचं दप्तर जन्मात पाहिलं नाही तरी ती कुलकर्णीच राहतील. परगण्याचा हिशेब ठेवणारे देशपांडे, नाणी पारखणारे पोतदार, पत्रं लिहिणारे चिटणीस, फारसी कागद सांभाळणारे पारसनीस, सगळ्यांची हीच गत. पुण्यातले नाना फडणीस जन्मानं बाळाजी जनार्दन भानू. 'भानू' आज किती जणांना आठवतं?

आता दाराबाहेर बघा. भर उन्हात एकजण उभा आहे. चावडीची पायरी त्याला चढू देत नाहीत. गावाच्या शिवा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत, म्हणून साक्षीला बोलावलंय. त्याचं नाव घेताना बोरू क्षणभरही थांबत नाही, शेवटी 'नाक' लागतं. सिदनाक, रामनाक, धर्मनाक. ब्राह्मणाच्या नावामागे पंत, मराठ्याच्या मागे जी, महाराच्या मागे नाक. नावाचं शेपूट ऐकलं की कुणी कुठे बसायचं, कुणी उभं राहायचं, हे आधीच ठरलेलं. शिवेचा वाद ज्याच्या शब्दावर मिटतो त्यालाच बाहेर उभं करणारं हे गाव आहे, आणि बाजाराचा गूळ कितीही गोड लागला तरी हे विसरायचं नाही.

संध्याकाळ झाली. वेशीजवळच्या घरात बारसं आहे, चला. बाप्या असाल तर उंबऱ्याशी थांबा, बाई असाल तर खुशाल आत जा. ओवा-शेपांच्या धुरीनं डोळ्यांत पाणी येतं. खोलीत बायाच बाया, काकणांची किणकिण, उकडलेल्या घुगऱ्यांची वाफ. पाळण्याखालून-वरून आधी वरवंटा फिरतो, टोपडं-बिपडं घालून सजवलेला. बाळ तसंच टणक व्हावं म्हणून. मग बाळ. आत्या वाकते, कानाशी 'कुर्र' करते, नाव सांगते, आणि तिच्या पाठीत धपाधप धपाटे बसतात. हसण्याचा एकच कल्लोळ उठतो.

नाव काय ठेवलं? धोंडू.

एवढ्या गोड पोराला धोंडू? तुमच्या ओठांवर आलेलं बोलू नका. आधी त्या आईकडे बघा. याच्या आधीची दोन तिनं मातीत ठेवलीत. एक देवीत गेलं, एक पाचवीच्या आधीच. सटवाईची, देवीची, कुणाची नजर या तिसऱ्यावर जाऊ नये म्हणून ती जगाला सांगतेय की माझ्या घरी मूल नाही, धोंडा आहे. कुणी दगडू ठेवतं, कुणी केरू, कुणी उकिरडा. कुणी भीक मागून घेतल्यासारखा भिकू. कुणी मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालतं, मुलगीच आहे असं मृत्यूला वाटावं म्हणून, तो नथू. शहरात या नावांना हसणारे लोक मला अजून भेटतात. मला त्यांचा राग येतो. इतकं भेदरलेलं प्रेम दुसऱ्या कुठल्या नावात मी पाहिलेलं नाही.

पलीकडच्या घरातली मुलगी मात्र नकुशी. तिथे नजर चुकवायची नव्हती. तिथे खरोखरच नको होती. ती रीत इतकी चिवट निघाली, की 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली.

धोंडूची आईसुद्धा माहेरी वेगळ्या नावाची होती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. जुनं तिला आता माहेरी गेल्यावरच ऐकू येतं.

आता आपल्या काळाकडे परत फिरू या. वाटेत इंग्रजी शाळा, कोर्टकचेऱ्या, मोजणीचे कागद लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी आडनावाचा एक रकाना भरायचा असतो. कुणी गाव सांगितलं, कुणी हुद्दा, कुणी कुळाचं नाव. त्या दिवशी जे लिहिलं गेलं तेच बहुतेकांना आजतागायत चिकटलं.

तुमच्या घरी काय लिहिलं गेलं आणि त्याआधी काय होतं, हे सांगू शकणारी एखादी आजी, एखादी आत्या अजून असेल. तिला फोन करा. मूळ गाव, कुलदैवत, पणजोबांचं नाव विचारून घ्या, आणि पणजीचंही, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. मग नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जाल तेव्हा आपले क्षेत्रोपाध्ये, म्हणजे घराण्याचे तीर्थपुरोहित, कोण ते शोधा. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारं कुणीतरी सोबत न्या.